आगोटीचे दिवस: दिवा ते मालवण

कोकणात पर्यटक येतात मे महिन्यात आणि चाकरमानी येतात गणपतीत. या दोघांच्या मधले, जूनच्या पहिल्या आठवड्यातले दिवस कोकणवाल्यांचे स्वतःचे. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल असते. कौलं शाकारून झालेली असतात किंवा राहिलेली असतात. लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी डब्यात भरायची, आमसुलं शेवटच्या उन्हात टाकायची आणि आभाळाकडे बघत शिव्या द्यायच्या. या दिवसांत माणसं कामात असतात, त्यामुळे खरं बोलतात. मे महिन्यात त्यांना पाहुण्यांशी गोड बोलावं लागतं.

मला किल्ले, देवळं, बीच यातलं काही बघायचं नव्हतं. शहरगावातली माणसं भेटतील तशी भेटायची, एवढंच ठरवून निघाले.

बुधवार: दिवा ते चिपळूण

दिवा-सावंतवाडी पॅसेंजरमध्ये पन्नाशीची बाई एकटीच सॅक लावून चढली की डब्यातला पहिला प्रश्न ठरलेला: "गावाला कोण वारलं का?"

नाही म्हटल्यावर समोरच्या मावशींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा पसरली. फिरायला चाललेय म्हटल्यावर तर त्यांनी नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. "आता? पावसाच्या तोंडावर?"

नवरा ऐंशीला टेकलेला. डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. लालबागच्या चाळीत आयुष्य गेलं, आता कणकवलीजवळच्या गावी पडवीचं छप्पर बघायला निघाले होते. मी विचारलं, "काका, काय करायचात?"

"साचेवाला होतो. मिलमध्ये."

"मग संपानंतर?"

"संपानंतर म्हणजे?" काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "संप कुठं संपलाय? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. मागे घेतला म्हणून कुणी सांगितलंय का तुम्हाला? मला तर नाही सांगितलं. मी अजून संपावर आहे."

डब्यातल्या दोघातिघांनी हा विनोद आधी ऐकलेला असावा, कारण ते काकांच्या आधीच हसायला लागले. मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "हे संपावर आणि मी पाळीवर. पहाटेचं पाणी मीच भरते."

गिरणी संपावर लिहिलेलं पुष्कळ वाचलंय. अडीच लाख कामगार, बंद पडलेल्या गिरण्या, त्या जमिनींवरचे टॉवर. पण रीतसर मागे न घेतलेला संप हा एका माणसाच्या रोजच्या वापरातला विनोद असू शकतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. काकांनी पुढची हकिगत सांगितली ती हिशेबानिशी. आधी वडापावची गाडी, ती महापालिकेने उचलली. मग भाजी. मग एका प्रेसमध्ये पुठ्ठे कापायचं काम. शेवटची नऊ वर्षं वॉचमनगिरी, तीही आपल्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. "पूर्वी भोंगा झाल्यावर उशीर झाला तर मला आत घेत नव्हते. आता मी ठरवायचो कुणाला आत घ्यायचं."

गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी अर्ज केलाय, कागद पूर्ण आहेत, सोडतीत अजून नंबर लागलेला नाही. "लागेल. मला चौथा मजला मिळेल बघा. पण तोवर मी त्याच्याही वर पोचलेला असेन."

वीरपर्यंत आता दुहेरी रूळ आहेत, त्यापुढे एकेरी. करंजाडीला आमची गाडी क्रॉसिंगला उभी राहिली आणि एक्स्प्रेस धाडधाड निघून गेली. मावशींनी डबा उघडला. चपाती, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी. मीठ-मसाल्याची पुडी वेगळी. मला न विचारता दोन चपात्या हातावर आल्या. काका म्हणाले, "मोठी मुलगी हुशार होती. संपात तिची शाळा सातवीत सुटली." इथे मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. पुढचं वाक्य आलं नाही. ते अंडं सोलत राहिले, टरफलं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एका बाजूला नीट गोळा करत.

खेड गेलं. चिपळूणला उतरले तेव्हा काकांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "सामान वरच्या मजल्यावर ठेवा हो!"

गुरुवार: चिपळूण

वरच्या मजल्याचा सल्ला चिपळुणात थट्टेने देत नाहीत. बाजारपेठेत सकाळी दहाला फिरले तर दुकानादुकानांत माल वर चढवणं चाललेलं. खालच्या फळ्यांवर प्लास्टिकच्या बादल्या, झाडू, पायपुसणी. महागाचं सगळं वर. किराणावाल्याच्या दुकानात फ्रीज लोखंडी घोडीवर उभा.

वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या मध्ये हा बाजार. डोंगरात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते बाजारात शिरतं. २६ जुलै २००५ ला शिरलं. लोकांनी त्या पाण्याची उंची बघून पोटमाळे बांधले. २२ जुलै २०२१ ला पाण्याने पोटमाळेही बघून घेतले.

सॅकचा बंद तुटला होता म्हणून एका शिंप्याच्या दुकानात शिरले. कापड आणि शिलाई असं जुन्या पद्धतीचं दुकान. काका साठीच्या आतबाहेर, गळ्यात टेप. मशीनवर बंद लावून देता देता बोलत होते. दुकानाच्या मधल्या खांबावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या, बाजूला तारखा. लहान मुलांची उंची मोजायला करतात तशा.

"नातवाच्या?" मी विचारलं.

"खालच्या बारक्या नातवाच्या. ही जाड लाल आहे ना, ती २००५. छप्पन्न इंच. आणि वर बघा." वर, छताच्या जवळ, निळी रेघ. "२०२१. एकशे आठ. माझी टेप साठची. एकदा पूर्ण लावली, तिथे टाचणी मारली, परत लावली. आयुष्यात इतक्या उंच गिऱ्हाइकाचं माप घेतलं नव्हतं."

नातू या मे महिन्यात लाल रेघेच्या वर गेला म्हणे. घरात पेढे वाटले. "२००५ ओलांडला त्याने. २०२१ ओलांडायला मात्र त्याला शिडी लागेल."

मी उभी राहून त्या खांबाकडे बघत होते. नातवाच्या रेघांवर नाव नाही, फक्त तारीख. पुराच्या रेघांवर तारीखही नाही, फक्त साल. पेन्सिलीची रेघ अंगठ्याने पुसली जाऊ नये म्हणून वरून सेलोटेप लावलेली, तिच्या कडा पिवळ्या पडलेल्या.

२०२१ ला पहाटे पाणी आलं तेव्हा काका घरी होते. दुकानात जायला दोन दिवस मिळालं नाही. मशीनं चिखलात. लोकांनी शिवायला टाकलेले लग्नाचे ब्लाउज, शाळेच्या गणवेशाचं कापड, सगळं एकमेकांत पीळ बसलेलं. विम्याचा माणूस आला. "बिलं दाखवा म्हणाला. म्हटलं, बिलं दाभोळला गेली, समुद्र बघायला. परत आली की दाखवतो." विम्याचे पैसे मागितले त्याच्या पाव हिश्श्यालाही पुरले नाहीत. आकडा त्यांनी रुपयांसकट सांगितला. हे मला पुढेही जाणवत गेलं: इथली माणसं विनोद करताना वाटेल ते चढवून सांगतील, पण नुकसानीचा आकडा एका रुपयाने इकडेतिकडे करत नाहीत.

आणि मग शर्टाची गोष्ट. पुरानंतर महाराष्ट्रभरातून मदत आली. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, जुने कपडे. "मी कापडवाला, आणि कपड्याच्या रांगेत उभा. अंगावरचा एक शर्ट चार दिवस. एका पोराने हातात घडी दिली. घरी येऊन उलगडतो तर कॉलरला माझंच लेबल! गुहागरकडच्या गिऱ्हाइकाचा शर्ट, मीच शिवलेला. माणूस माझ्यापेक्षा जाड होता. मग काय, मशीन दुरुस्त झाल्यावर पहिलं काम तेच केलं, स्वतःचाच शर्ट स्वतःसाठी ऑल्टर केला. मजुरी घेतली नाही."

"तो अजून आहे?"

"गिऱ्हाईक आहे. शर्ट फाटला."

हसता हसता मी म्हटलं, तुम्हा चिपळूणकरांची कमाल आहे. काकांचा पाय मशीनवरून थांबला. "हे बघा मॅडम, कमाल वगैरे सगळे म्हणतात. पुढारी आले तेही म्हणाले. आम्ही म्हटलं, कौतुक नको, गाळ काढा." नदीतला गाळ काढायला लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं, मग यंत्रं उतरली. पूररेषेचा वाद अजून चालू आहे, कोळकेवाडी धरणातून सुटणाऱ्या पाण्याचाही.

त्यांचं म्हणणं मला पटलं. मुंबईत दर पावसात 'स्पिरिट'चं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. लोक सोसतात म्हटलं की सोसायला लावणाऱ्याला बरंच सुटतं.

निघताना मी सहज विचारलं, त्या दिवशी कोविडच्या रुग्णांचं काय झालं होतं? काही जण दगावल्याचं तेव्हा वाचलं होतं. काकांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "पाणी शिरलं, वीज गेली." एवढंच. त्या बाजारात दिवसभर मी पुरावरचे विनोद ऐकले, फ्रीज तरंगल्याचे, सापाने कॅलेंडरवर वेटोळं घातल्याचे, सासूची कवळी परशुराम घाटात सापडल्याचे (हा उघड थाप होता, घाट वर आहे). या एका गोष्टीवर कुणी काही बोललं नाही.

दुपारी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन बसले. १८६४ चं वाचनालय. दोन्ही पुरांनी त्याला गाठलं, दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन आजोबा वादत होते की यंदा पाऊस सातला येणार की दहाला. पैज वडापावाची होती.

शुक्रवार: चिपळूण ते रत्नागिरी

एसटी स्टँडपर्यंत रिक्षा केली. २०२४ च्या पावसात चिपळूणच्या रस्त्यावरून मगर चालत गेल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता, त्याबद्दल विचारलं. रिक्षावाले दादा म्हणाले, "वाशिष्ठीतली आहे, इथलीच. बाहेरची नाही. नगरपालिकेच्या हद्दीत राहते, पण घरपट्टी भरत नाही." मग थोडं थांबून, "हात केला असता तर थांबलो असतो. रात्री उलट भाडं मिळत नाही."

महामार्गावर काम चालू, म्हणजे चालूच. रुंदीकरण सुरू झालं तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आता याच रस्त्याने कॉलेजला जातात. पुढे काही सांगण्यासारखं नाही. धूळ खात रत्नागिरीला पोचले आणि झोपले.

शनिवार: रत्नागिरी

सकाळी मिरकरवाडा. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बंदरात बोटींची दाटी. काही ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या, ताडपत्र्यांखाली. नेपाळी खलाशी गावी गेलेले. जाळ्यांचे निळे-हिरवे ढीग आणि त्यात बसून शिवणारे दोघे-तिघे. बाजारात ताज्या मासळीच्या जागी सुकी: बोंबील, सुकट, सोडे, खारवलेले बांगडे.

सोडे घ्यायला एका मावशींसमोर उकिडवी बसले. हात भाव करताना जास्त चालतो की तोंड, हे ठरवणं कठीण होतं. मी बंदीबद्दल विचारलं. म्हणाल्या, "सरकार बंदी घालतं ती माशांची पिल्लावळ वाढावी म्हणून. बरोबर आहे, वाढू दे. पण माझं काय? दहा महिने नवरा दर्यात, घर कसं सुरळीत. आता दोन महिने घरात. डब्यात मीठ का संपलं विचारतो! बंदी माशांना आणि शिक्षा मला."

शेजारची म्हणाली, "तुझा नुसता विचारतो. माझा स्वयंपाकघर लावून देतो."

लॉकडाऊनमध्ये बाजार बंद झाला तेव्हा या मावशींनी मुलाच्या फोनवर गिऱ्हाइकांचा ग्रुप काढला. मासळीचा फोटो टाकायचा, खाली भाव. लिहिता येत नाही, म्हणून भाव बोलून पाठवायच्या. "एक बाई रोज फोटो बघायची, निळी टिकटिक यायची, घ्यायची काही नाही. एक दिवस आवाज टाकला: ताई, रोज मासे बघून पोट भरतं तर कृती मलाही सांगा. त्या दिवसापासून पापलेटचं पक्कं गिऱ्हाईक." त्या ग्रुपवर आजही शंभरावर माणसं आहेत. नवऱ्याच्या बोटीवरचं कर्ज त्यातून फिटलं. हेही आकड्यासकट सांगितलं, आणि मग माझ्या सोड्यांचे दहा रुपये जास्त लावले.

थिबा पॅलेस बाहेरूनच बघितला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी राज्यातून उचलून इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये तो वारला. राजालाही घराचा ताबा उशिराच मिळाला, हे लालबागच्या काकांना सांगायला हवं होतं.

संध्याकाळी एका ओळखीच्यांनी एका नाटकवाल्यांकडे पाठवलं. रत्नागिरीत हौशी नाटकाचं वेड जुनं. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत इथली माणसं कचेरीतून थेट तालमीला जातात. हे गृहस्थ झेरॉक्सचं दुकान चालवणारे, आणि आवाजासाठी गावात प्रसिद्ध. मागच्या रांगेला माइकशिवाय ऐकू जाणारा आवाज. मग घशाचा कॅन्सर झाला. मुंबईला परळला ऑपरेशन, स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला पुढे एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. त्यावर पांढऱ्या जाळीदार कापडाचा रुमाल बांधलेला.

मी दारात उभी राहून नमस्कार केला. त्यांनी नमस्कार केला, फोन काढला, भराभर टाइप केलं आणि फोन माझ्याकडे धरला. फोनमधून एक तरुण बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "या, बसा. घाबरू नका, मीच बोलतोय."

मराठी वाचून दाखवणाऱ्या त्या सोयीत बाईचाच आवाज होता. मुलाने म्हणे पुरुषाचा आवाज बसवून देतो म्हटलं, तर यांनी नको म्हटलं. टाइप केलं: "तीस वर्षं या घरात पुरुषाच्या आवाजात बोललो. कुणी ऐकलं नाही. बाईच्या आवाजात बोलायला लागलो तेव्हापासून चहा पहिल्या हाकेला येतो."

वहिनी चहा घेऊनच आल्या. "पण भांडणात हरतात. यांचं टाइप करून होईपर्यंत माझा मुद्दा बदललेला असतो."

नाटक सोडलेलं नाही. प्रकाशयोजना बघतात. शिवाय कामं मिळतात. कुठली? फोनमधली बाई म्हणाली, "प्रेताची. पाठांतर नाही. मी पूर्वी रंगमंचावर फार हलायचो, असं परीक्षक लिहायचे. आता त्यांची तक्रार नाही." मागच्या खेपेला प्रेताच्या भूमिकेत असताना डास गळ्याच्या रुमालावर बसला. खोकला आला तर भोकातून शिट्टीसारखा आवाज येतो, आणि मेलेल्या माणसाने शिट्टी मारलेली चालत नाही. अंक संपेपर्यंत श्वास कसा धरला, ते त्यांनी उठून, जमिनीवर आडवं होऊन, दाखवलं. छाती अगदी थोडी हलत होती. रुमालाची कड प्रत्येक श्वासाला बोटभर वर उचलली जात होती, तेवढीच. वहिनी दारातून म्हणाल्या, "उठा आता, फरशी गार आहे."

मी निघाले तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या. त्यांच्या फोनमध्ये ऑपरेशनच्या आधीचा यांचा एक व्हॉइस मेसेज आहे. 'येताना कोथिंबीर आणू का, की आहे घरात', एवढाच. फोन बदलला तेव्हा तो आधी नव्यात घेतला, मग जुना दिला. "ऐकत नाही मी तो," म्हणाल्या. "पण आहे."

रविवार: रत्नागिरी ते मालवण

रेल्वेने कुडाळ. वाटेत पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. डब्यातली सगळी पोरं एकदम खिडक्यांवर. राजापूर रोडला एक गृहस्थ चढले, त्यांनी राजापूरच्या जवाहर चौकात दर पावसाळ्यात पाणी कसं येतं ते सांगायला घेतलं. मी त्यांना चिपळूणची निळी रेघ सांगितली. ते दुखावले. नुकसानीतही गावाचा अभिमान असतो. कुडाळहून एसटीने मालवण, दिवस संपला.

सोमवार: मालवण

धुरीवाड्यात एका वहिनींकडे उतरले होते. वीस वर्षं भांडुपला काढून, नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर परत आलेल्या. तीन खोल्या पर्यटकांना देतात. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या मे अखेरीस बंद झालेल्या, पर्यटक गेलेले. सिंधुदुर्ग समोर पाण्यात एकटाच. वहिनी अंगणात कोकमं उलटत होत्या. माझ्याशी मुंबईचं मराठी, बाकी जगाशी मालवणी, आणि रंगात आल्या की माझ्याशीही मालवणी.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. वहिनींनी नव्या खोल्यांवर कर्ज काढून पत्रे घातले होते, लॉकडाऊनमुळे त्या खोल्यांत एक पाहुणा उतरला नव्हता. "पयलो पाहुणो इलो तो वादळ. पैशे न देता गेलो, आणि जाताना पत्रे घेवन गेलो."

पत्रे शोधायला दोघं बाहेर पडले. दोन नारळीच्या बागेत सापडले. एक तिसऱ्या घराच्या विहिरीवर, व्यवस्थित झाकण बसावं तसा. "त्येंका सांगलंय, ऱ्हवांदेत. तुमच्या विहिरीक पत्रो व्हयोच होतो." शेजाऱ्याचा फणस यांच्या न्हाणीघरावर कोसळला. झाड त्याचं, न्हाणीघर यांचं, कुणी कुणाला काय द्यायचं? दोन दिवस दोघे बोलले नाहीत. वीज नव्हती, फोन नव्हता, करायला काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारी कोयता घेऊन आला. वहिनी म्हणाल्या, "माका वाटला भांडूक इलो. तो फणस कापूक इल्लो. झाडार पिकलेले सात फणस होते. दोनय घरांनी आठ दिवस गरे खाल्ले. आजून माका फणसाचो वास इलो काय न्हाणीघर आठावता."

पंचनाम्याला माणूस आला. सरकारी कागदात घराचं नुकसान दोन प्रकारचं, पूर्णतः किंवा अंशतः. त्याने अंशतः लिहिलं. वहिनी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, खाट दाखवली आणि म्हणाल्या, जरा आडवे पडून बघा. तो बिचारा पडला. "वर काय दिसता?" "आभाळ." "अंशतः काय पूर्णतः?" तो हसला, वहिनी हसल्या, चहा झाला, आणि कागदावर अंशतःच राहिलं. भरपाई किती मिळाली ते सांगितलं. पत्र्यांच्या स्क्रूंना पुरली.

मी विचारलं, तेव्हा रडायला आलं नाही? कोकमं उलटण्याचं थांबलं नाही. "इला तर. पण वायरमन इल्ले होते खांब उभे करूक, भायरगावचे, चार पोरगे. त्येंका जेवण कोण घालतला? बारा दिवस आमच्याकडे जेवले. रडूक रात्री वेळ गावायचो, तवसर झोप यायची."

छप्पर आता परत पत्र्याचंच आहे. भिंतीवरून कड्या आणल्यात आणि दोरखंडाने पत्रे बांधलेत, भांडुपच्या झोपडपट्टीत बांधतात तसे. वहिनींना हे तंत्र मुंबईने शिकवलं. रात्री जेवायला वालाची उसळ, सोलकढी आणि माझेच सोडे, कांद्यावर परतून. पैसे घेताना सोड्यांचे वजा केले.

मंगळवार: मालवण ते कुडाळ

सकाळी आठची एसटी. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. कंडक्टर पस्तिशीचा, बडबड्या. मागची सीट मोकळी होती, तिथे येऊन बसला.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार नाही, निलंबनाची नोटीस घरी. यानं मासळीची पाटी घेतली आणि ज्या रूटवर तिकिटं फाडायचा त्याच रूटवरच्या गावांत मोटारसायकलवरून विकायला लागला. "सगळी माझी पॅसेंजर. बांगडो मागूच्या आधी माका विचारत, गाडी किती वाजता सुटतली? म्हटलं, गाडी नाय, बांगडे सुटे असत. आणि मी सवयीन म्हणायचंय: सुटे पैशे द्या, पुढे सरका." एका आजीने अर्धा बांगडा मागितला, अर्ध्या तिकिटाच्या हिशेबाने. त्याने दिला. शेपटीकडचा. संपात त्याच्या ओळखीच्या एकाने जीव दिला, हे त्याने मध्येच, तिकिटं मोजत सांगितलं आणि पुढच्या स्टॉपला उठून घंटी मारली.

आता पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट. त्याच्या मते या दोन योजनांनी कोकणातल्या बायकांचं वय बदलून टाकलं. जन्मभर दोन वर्षं लपवलेली, ती आता परत घालतात, वर दोन व्याजाची.

कट्ट्याला एक आजी चढल्या. नऊवारी, हातात कोंबडीची टोपली, वरून फडकं बांधलेलं. बसल्या आणि तिकिटाकडे बघेनात.

"मावशे, आधार?"

"पंचाहत्तर झाली माका."

"आधार दाखव."

"माका बघून वाटना नाय?"

कंडक्टरने तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "नाय गो. तू माका पंचावन्नची दिसतंस. अर्धा तिकीट काढू?"

आजींनी क्षणभर विचार केला. गाडीतल्या सगळ्यांनी केला. मग त्यांनी फडक्याची गाठ सोडली, कोंबडीच्या बाजूला हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं आधारकार्ड बाहेर काढलं.

"फुकट काढ," म्हणाल्या. "आणि कोंबडेचा तिकीट मागू नको. तिचा वय माका म्हायत नाय."